धरणाचा धोका पायथ्यापासून मोजा

पावसाळा लागला की सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते. कोयना किती टीएमसी, वारणा किती, धोम, कण्हेर, उरमोडी किती, आणि सरतेशेवटी अलमट्टीतून विसर्ग किती. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्याला ही चौकट वाचायची सवय लावली. तिच्या तळाशी कधीतरी आणखी एक ओळ असते: जिल्ह्यातील लघु प्रकल्पांत सरासरी इतके टक्के पाणी. ही ओळ आपण पाणीटंचाईची बातमी म्हणून वाचतो. धोक्याची बातमी म्हणून ती कोणी वाचत नाही, कारण छोट्या मातीच्या धरणाचा धोकाही छोटाच असणार, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे. पुढाऱ्यांनी, अधिकाऱ्यांनी, आणि धरणाखाली राहणाऱ्यांनीसुद्धा.

हे गृहीतक उथळ आहे. छोट्या धरणाला आपण निर्धोक मानतो ते आपली मापे चुकीच्या दिशेला रोखलेली असल्यामुळे. भिजणारे क्षेत्र, भिंतीची उंची, साठ्याचे आकारमान ही सगळी मापे धरणाकडे बघतात. धोका मात्र धरणाखालच्या ओढ्यात असतो. तिथे किती माणसे राहतात आणि पळून जायला त्यांना किती मिनिटे मिळतील, यावर तो ठरतो. म्हणून सुरक्षिततेचे वर्गीकरण पायथ्यापासून सुरू व्हायला हवे. कायद्याने ज्यांच्याकडे पाहिलेलेच नाही अशा धरणांसाठी तर आधी व्हायला हवे.

१. सिंचनाचे माप सुरक्षिततेला लावले

एखादा प्रकल्प लघु का ठरतो? त्याचे लाभक्षेत्र दोन हजार हेक्टरांच्या आत असते म्हणून. दोन ते दहा हजार हेक्टर म्हणजे मध्यम, त्यापुढे मोठा. ही विभागणी सिंचनाच्या हिशोबासाठी केलेली आहे आणि त्या कामाला ती ठीक आहे. पण धरणाचा मालक कोण, हेही आपल्याकडे याच मापाने ठरते. शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे सहाशे हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे, अशी ढोबळ वाटणी आहे. मालक बदलला की अभियंत्यांची संख्या बदलते, देखभालीचा पैसा बदलतो, पाहणीची सवय बदलते. म्हणजे तलावाखाली किती एकर ऊस किंवा ज्वारी भिजते, यावर त्या तलावाचा भराव कोण तपासणार हे ठरते. खालच्या वाडीत किती उंबरे आहेत, याला या हिशोबात जागाच नाही.

दुसरे माप अभियंत्यांचे. सांडवा केवढ्या पुरासाठी बांधायचा, हे भारतीय मानक ११२२३ सांगते. एकूण साठा अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर किंवा पाण्याची उंची साडेसात ते बारा मीटर असेल तर धरण लहान, आणि त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधायचा. 'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकायला मोठे दिलासादायक वाटते. त्याचा खरा अर्थ, दरवर्षी एक टक्का शक्यता. भराव पन्नास वर्षे उभा राहिला, तर त्या काळात असा किंवा याहून मोठा पूर एकदा तरी येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. गंमत अशी की याच मानकात, धरण फुटल्यास खाली होणारी हानी विशेष मोठी असेल तर जास्त मोठा पूर धरावा, अशी सोयही ठेवलेली आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना पायथा दिसला होता. पण खाली कोण राहते याची नोंदच नसेल, तर ही सोय वापरणार कोण आणि कशाच्या आधारावर?

तिसरे माप कायद्याचे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ त्या वर्षाच्या ३० डिसेंबरपासून लागू झाला. पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत १५ मीटरपेक्षा उंच असलेले प्रत्येक धरण त्याच्या कक्षेत येते. १० ते १५ मीटरमधले धरण मात्र काही अटींवरच येते: माथ्याची लांबी निदान ५०० मीटर, किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग निदान सेकंदाला दोन हजार घनमीटर, किंवा पाया विशेष अवघड, किंवा संकल्पन नेहमीपेक्षा वेगळे. दहा मीटरच्या आत काहीच नाही. कायदा चांगला आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी, धोक्यानुसार वर्गीकरण, आणीबाणीचा कृती आराखडा, सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन हे सगळे त्यात आहे. आराखडा आणि मूल्यमापन यांसाठी जुन्या धरणांना दिलेली पाच वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. माझा आक्षेप कायद्यातल्या तरतुदींवर नाही. त्या तरतुदींच्या दारात उंचीची पट्टी घेऊन जो पहारेकरी बसवला आहे, त्याच्यावर आहे.

२. उंचीची पट्टी आणि दोन जिल्ह्यांचा भूगोल

सातारा-सांगली हा एका नकाशात बसणारा पण दोन स्वभावांचा मुलूख आहे. पश्चिमेला वाई, जावळी, पाटण, शिराळा. अरुंद खोरी, तीव्र उतार, ओढ्याला चिकटून वाड्या. इथे थोडे पाणी अडवायलाही उंच भराव घालावा लागतो. म्हणून पश्चिमेकडची बरीचशी धरणे उंचीमुळे आपोआप कायद्यात येतात.

पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. इथे जमीन पसरट. उंच भरावाची गरजच नसते. बुटका पण लांबच लांब बांध घातला की पाणी दूरवर पसरते. समजा, जतच्या माळावर साडेनऊ मीटर उंचीचा, एक किलोमीटर लांबीचा भराव आहे आणि त्यामागे पंधरा लाख घनमीटर पाणी आहे. साठा कायद्यातल्या आकड्याच्या दीडपट, लांबी दुप्पट. तरी हे धरण कक्षेबाहेर, कारण उंची अर्धा मीटर कमी पडली. म्हणजे एकच कायदा डोंगरी तालुक्याला एक न्याय लावतो आणि माळरानाला दुसरा.

इंग्लंडने हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. माण नदीवरचा राजेवाडीचा तलाव आणि खटावातला नेरचा तलाव ही मातीची धरणे इंग्रजी अमदानीतली. ज्यांनी ती बांधली, त्यांच्याच देशात, वेल्समधल्या डोलगॅरोग गावी, १९२५ च्या नोव्हेंबरात वरचे एक धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे दुसरे धरण फोडले आणि १६ माणसे मेली. पाच वर्षांत, १९३० साली, तिथे जलाशय सुरक्षिततेचा कायदा आला. १९७५ च्या कायद्याने मर्यादा ठरवली ती २५,००० घनमीटर पाण्याची. आपल्या दहा लाखांच्या चाळीसाव्या हिश्शाची. उंचीची वेगळी पायरी नाही. पुढे त्यांनी आणखी एक पाऊल टाकले: पाणी अनावर सुटले तर माणसाच्या जिवाला धोका आहे का, या एका प्रश्नावर जलाशय 'उच्च जोखमीचा' ठरू लागला. आपण त्यांच्याकडून धरणे बांधायला शिकलो, आणि त्यांनी पुढे घेतलेला धडा मात्र तिथेच राहिला.

३. पाणी थोडे, मिनिटे त्याहून थोडी

कोयनेचा साठा १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३०० कोटी घनमीटर. दहा लाख घनमीटरचा तलाव कोयनेच्या तीन हजाराव्या हिश्शाएवढा. ही तुलना ऐकून कोणीही निर्धास्त होईल. आता दुसरा हिशोब करू. तो तलाव फुटून अर्ध्या तासात रिकामा झाला, असे धरू. सरासरी विसर्ग येतो सेकंदाला साडेपाचशे घनमीटर, म्हणजे एकोणीस-वीस हजार क्युसेक. कमाल विसर्ग याहून बराच जास्त. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले, तर नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा जातो. इथे त्याच्या नऊपट पाणी, नदीतून नव्हे तर वीस-पंचवीस फूट रुंदीच्या ओढ्यातून, इशाऱ्याशिवाय.

मोठ्या धरणाचे पाणी खालच्या गावात पोहोचायला वेळ लागतो. तेवढ्यात फोन होतात, भोंगे वाजतात, जनावरे सोडली जातात. छोट्या धरणाखालची वाडी बहुतेक वेळा हाकेच्या अंतरावर असते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. हा तालुका सह्याद्रीच्या पलीकडे, पाटण-जावळीच्या पाठीला पाठ लावून बसलेला. त्या रात्री पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातला मेघोली प्रकल्प फुटला. एका महिलेचा बळी गेला, जनावरे गेली, शेते खरवडून निघाली. दोन्ही लघु प्रकल्प. दोन्ही ठिकाणी गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. अमेरिकेत जॉर्जियातले केली बार्न्स हे सुमारे बारा मीटर उंचीचे मातीचे धरण १९७७ च्या नोव्हेंबरात असेच रात्री फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या वस्तीतली ३९ माणसे मेली. त्यानंतर तिथल्या सरकारने हजारो खासगी धरणांची तपासणी हाती घेतली.

छोटे धरण एकटे असते, हाही एक गैरसमज. माण नदीवर वर आंधळी, खाली राजेवाडी. येरळेवर वर नेर, खाली येरळवाडी. आणि मधल्या ओढ्या-नाल्यांवर पाझर तलाव नि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. वरचे फुटले की खालच्याची परीक्षा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतने खडकवासल्याचे काय केले, हे पुण्याला सांगायला नको.

४. माती कशी हरते

दगडी भिंतीवरून पाणी गेले तरी ती पुष्कळदा टिकते. मातीच्या भरावाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की तो काही तासांत कापला जातो. म्हणून मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. छोट्या धरणांना दरवाजे नसतात, मोकळा सांडवा असतो. तो चालतो की नाही याची परीक्षा पावसाच्या रात्रीच होते. मधल्या कोरड्या वर्षांत सांडव्याच्या नाल्यात कोणी बांध घालतो, कोणी कडवळ पेरतो, कोणी रस्ता काढतो. आणखी दोन फूट पाणी राहावे म्हणून सांडव्यावर मातीच्या पिशव्याही रचल्या जातात. दुष्काळी गावात हा मोह समजण्यासारखा आहे. पण भरावाची सुरक्षित उंची म्हणून जी जागा मोकळी सोडलेली असते, नेमकी तीच या पिशव्या खातात.

दुसरी कमजोर जागा विमोचकाची. भरावाच्या पोटातून जाणाऱ्या नळीभोवती माती नीट दबत नाही, आणि पाणी तिथून वाट काढते. पानशेतच्या दुर्घटनेतही अपुऱ्या विमोचकावरचा भराव खचला होता. तिसरी जागा भरावाचा खालचा उतार. बाभळी वाढतात, घुशी बिळे करतात, पिचिंगचे दगड घराच्या पायात जातात, मुरूम रस्त्याला जातो.

तिवरेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी गळतीचा दोष खेकड्यांवर टाकला आणि महाराष्ट्र हसला. मला त्या विधानातली खरी चूक वेगळी वाटते. बिळे करणारे प्राणी भराव पोखरतात, हे स्थापत्यशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातले सत्य आहे. म्हणूनच तर पाहणी करायची असते! जे शोधण्यासाठी पाहणी नेमली, तेच पाहणी न झाल्याची सबब म्हणून पुढे करण्यात आले.

पाझर तलावांची गोष्ट आणखी नाजूक. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीतून या पट्ट्यात असे कितीतरी तलाव उभे राहिले. पाणी जमिनीत मुरावे हाच त्यांचा हेतू, म्हणून त्यांचा पायाचा चर मुद्दामच उथळ ठेवतात. तिथे पायथ्याशी पाझर दिसणे स्वाभाविक. पण निवळ पाझर आणि गढूळ पाझर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाणी गढूळ आले, तर भरावाची किंवा पायाची माती वाहून चालली आहे. हा फरक ओळखायला यंत्र लागत नाही, डोळे लागतात. पाटकरी आणि चौकीदार यांची रिकामी झालेली पदे कित्येक ठिकाणी भरली गेली नाहीत, आणि ते डोळेच गेले.

५. कृष्णेचे पाणी आले, तलाव बदलले

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. पूर्वेकडचे तलाव कधीमधी भरणारे म्हणून बांधले होते. आता टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांच्या पाण्याने ते भरून घेतले जातात. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णा नेरला आणि तिथून आंधळीला पोहोचली. या पाण्यासाठी माणसांनी आयुष्ये घालवली, मोर्चे काढले. त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही.

पण भरावाच्या दृष्टीने तीन गोष्टी बदलल्या. एक: वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली काळी माती आकसते आणि भेगाळते. असा भराव थोड्या दिवसांत काठोकाठ भरला, तर पाणी आधी त्या भेगांत शिरते. दोन: तलाव पावसाआधीच भरलेला असेल, तर पुराचे पाणी पोटात घ्यायला जागा उरत नाही आणि सगळा भार पहिल्या पावसापासून सांडव्यावर येतो. पूर्वी रिकामा तलावच निम्मा पूर गिळत असे. तीन: नदी-ओढे कोरडे राहिल्याच्या काळात खालची वस्ती पात्रात सरकली. शेड आली, मंगल कार्यालय आले, प्लॉट पडले. ज्या ओढ्याला तीस वर्षे पाणी नव्हते त्याला पूररेषा असते, हे कोणाला पटवून द्यायचे?

म्हणजे धरण तेच, उंची तीच, कागदावरचा साठा तोच. धोका मात्र कैक पटींनी वाढलेला. धरणाकडे बघणाऱ्या मापांना यातले काहीच दिसत नाही. पायथ्यापासून मोजणाऱ्याला सगळे दिसते.

६. प्रकृती वेगळी, परिणाम वेगळा

महाराष्ट्रात वर्गीकरण अजिबात नाही, असे मात्र नाही. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून काम करते. पाहणीत सापडलेल्या उणिवांचे ती तीन वर्ग करते: धरण फुटण्यापर्यंत नेऊ शकतील अशा पहिल्या वर्गात, तातडीने दुरुस्त कराव्यात अशा गंभीर दुसऱ्या वर्गात, आणि वर्षभरात उरकता येतील अशा किरकोळ तिसऱ्या वर्गात. हे धरणाच्या प्रकृतीचे वर्गीकरण झाले. धरण फुटल्यास काय होईल, हा प्रश्न निराळा. केंद्रीय जल आयोगाने २०२० साली त्यासाठीही मार्गदर्शिका काढली आणि धरणे संभाव्य परिणामांनुसार चार वर्गांत लावायची पद्धत दिली.

दोन्ही रकाने एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. दुसऱ्या वर्गाची उणीव असलेले, पण खाली नुसते माळरान असलेले धरण थांबू शकते. तीच उणीव असलेल्या आणि खाली शाळा असलेल्या धरणाला थांबता येत नाही. आज दुरुस्तीचा निधी वाटताना हा फरक दिसत नाही, कारण छोट्या धरणांच्या बाबतीत दुसरा रकाना कोराच असतो.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप संख्येचा. २०१९ च्या राष्ट्रीय नोंदवहीत देशातली ५,७४५ मोठी धरणे होती, त्यांपैकी २,३९४ एकट्या महाराष्ट्रात. तीच सांभाळता नाकी नऊ येतात, त्यात पाझर तलावांची भर कशाला? उत्तर असे की पायथ्यापासूनचे वर्गीकरण हे काम वाढवण्याचे नव्हे, निवडण्याचे साधन आहे. उपग्रहाचे छायाचित्र, ओढ्याचा नकाशा आणि ग्रामपंचायतीची घरयादी घेऊन पहिली चाळणी कार्यालयात बसूनही करता येते. बहुसंख्य तलाव त्या चाळणीतून 'खाली वस्ती नाही' म्हणून बाजूला पडतील. उरलेल्या थोड्यांकडेच अभियंता पाठवायचा.

दुसरा आक्षेप गावाचा, आणि तो मी जास्त गंभीर मानतो. धरणाला धोक्याचा शिक्का बसला की पाणी खाली उतरवतील. इतक्या वर्षांनी आलेले पाणी आम्ही घालवायचे का? ही भीती खरी आहे, आणि सरकारी सावधगिरीचा अनुभव पाहता अनाठायीही नाही. पण परिणामाचा वर्ग म्हणजे तलाव रिकामा करण्याचा हुकूम नव्हे. धरण धडधाकट असूनही त्याचा परिणामवर्ग सर्वांत वरचा असू शकतो. कोयनेचा तसाच असणार. या वर्गाने ठरायचे ते एवढेच: सांडवा किती मोठा हवा, पाहणी वर्षातून किती वेळा, रात्री कोण कोणाला फोन करणार. सांडवा मोकळा असलेला तलावच निर्धास्तपणे भरून ठेवता येतो.

तिसरा आक्षेप: खरा धोका कोयनेचा, लक्ष तिथेच हवे. कोयनेचा परिणाम सर्वांत भयंकर, यात वाद नाही. पण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे गेल्यावर ती भिंत मजबूत करण्यात आली, आणि आज तिच्यावर उपकरणे आहेत, अभियंते आहेत, चोवीस तास पहारा आहे. तिच्याच भूकंपपट्ट्यात पाटणच्या खोऱ्यांमधले मातीचे छोटे भराव आहेत. एका ठिकाणी दक्षता आहे हे दुसऱ्या ठिकाणी नसण्याचे कारण होऊ शकत नाही.

चौथा, नेहमीचा: गावकऱ्यांनीच लक्ष ठेवावे. तिवऱ्याच्या आणि मेघोलीच्या गावकऱ्यांनी लक्ष ठेवले होते, तक्रारीही केल्या होत्या. पण धरण लघु, म्हणून तक्रारही लघु. खाली वाडी आहे हे धरणाच्या कागदावर आधीच लिहिलेले असते, तर गळतीच्या पहिल्याच अर्जाला देखभालीचा अर्ज म्हणून रांगेत उभे राहावे लागले नसते.

८. कायदा बदलायची वाट पाहू नका

२०२१ च्या कायद्यातली उंचीची अट संसदेने सैल करावी, हे खरेच. पण त्यासाठी थांबायचे कारण नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, आणि जिल्ह्यातली धोक्याची क्षेत्रे ओळखून प्रतिबंधाचे उपाय करवून घेणे हे त्याचे कामच आहे. धरण जिल्हा परिषदेचे की जलसंधारणचे, या भांडणात त्याला पडावे लागत नाही. साताऱ्याने आणि सांगलीने आपापल्या हद्दीतल्या प्रत्येक मातीच्या धरणासाठी एक पान करावे: खाली पहिले घर किती अंतरावर, किती माणसे, पाणी पोहोचायला किती मिनिटे, वर आणि खाली दुसरा कोणता तलाव, सांडवा मोकळा की अडलेला, पाझर निवळ की गढूळ. ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि दरवर्षी मे महिन्यात नव्याने भरावे, कारण वस्ती दरवर्षी सरकते.

मान्सूनपूर्व आढावा बैठक दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी होतेच. पुढच्या बैठकीत कोयना-वारणेचे आकडे वाचून झाले की आपल्या लोकप्रतिनिधींना एवढेच विचारायला लावा: आमच्या वाडीच्या वरच्या तलावाचे पान कुठे आहे?